टॅमॉक्सिफेन म्हणे इस्ट्रोजेनच!

आमच्या मावशीने टॅमॉक्सिफेनची, म्हणजे स्तनाच्या कॅन्सरवरची, गोळी बंद केली. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नाही, भिशीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला म्हणून. फिरत फिरत तो माझ्याकडेही आला. मजकूर थोडक्यात असा: ही गोळी शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनच्याच जागी जाऊन बसते, म्हणजे ती इस्ट्रोजेनच, जागतिक आरोग्य संघटनेने तिला कर्करोगकारक ठरवलंय, मुळात ती संततिनियमनासाठी काढली होती, तिथे फसली म्हणून कॅन्सरच्या बायकांच्या माथी मारली, तेव्हा गोळी सोडा, रोज दोन चमचे जवस खा. खाली कुणाचं नाव नाही.

पहिला मुद्दा सगळ्यात घातक, कारण तो ऐकायला शास्त्रीय वाटतो. गोळी इस्ट्रोजेनच्या जागी बसते हे खरंच आहे. पण नुसतं बसणं वेगळं आणि काम करणं वेगळं. हा फरक चक्क बघता येतो. १९९८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या, म्हणजे पेशीतल्या इस्ट्रोजेन पकडणाऱ्या प्रथिनाच्या, हार्मोन धरणाऱ्या भागाचे स्फटिक केले, क्ष-किरणांनी त्यांची रचना काढली आणि ती ‘सेल’ या नियतकालिकात छापली. आत बसलेलं होतं ४-हायड्रॉक्सिटॅमॉक्सिफेन, म्हणजे ही गोळी यकृतातून गेल्यावर जे बनतं त्यातलं एक. प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहात ‘३ईआरटी’ या नावाने ती रचना आहे. फुकट आहे, फिरवून फिरवून बघा.

रिसेप्टरचा हा भाग म्हणजे बारा हेलिक्सचा, मळसूत्री वळ्यांचा, गठ्ठा आणि मधे पोकळी. शरीरातलं इस्ट्राडिओल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, त्या पोकळीत पूर्ण मावतं. ते आत गेलं की बारावं हेलिक्स वरून झाकणासारखं बसतं. मग बाहेरच्या अंगाला एक खोबण तयार होते, तिथे सहकारी प्रथिनं येऊन चिकटतात आणि पेशीला वाढीचा हुकूम सुटतो. टॅमॉक्सिफेनही त्याच पोकळीत शिरतं, पण त्याला एक लांब शेपूट आहे, टोकाला नायट्रोजन असलेलं. ते आत मावत नाही. डब्यातून पळीचा दांडा बाहेर राहिला की झाकण लागत नाही, तसंच. आणि खरी गंमत पुढे आहे: जागा हुकलेलं बारावं हेलिक्स जाऊन पडतं ते नेमकं त्या खोबणीत, सहकारी प्रथिनांच्या हक्काच्या जागेवर. हुकूम सुटत नाही, आणि पोकळी आधीच अडलेली असल्यामुळे इस्ट्रोजेनलाही ताटकळत बसावं लागतं. वर्षभर आधी, १९९७ मध्ये, रॅलॉक्सिफेन या दुसऱ्या औषधासह याच रिसेप्टरची रचना निघाली होती. तिथेही शेपटानेच झाकण अडवलेलं.

आता ‘कर्करोगकारक’. इथे नाइलाजाने अर्धी मान डोलवावी लागते. संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९६ मध्ये टॅमॉक्सिफेनला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोगकारक ठरलेल्या गोष्टींत, टाकलं, कारण गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका त्याने वाढतो. रिसेप्टरच्या दुसऱ्या टोकालाही चालू करणारा एक भाग असतो, त्याला हे शेपूट अडवत नाही. गर्भाशयाच्या पेशींतला सहकारी प्रथिनांचा भरणाही निराळा. त्यामुळे तिथे ही गोळी थोडीफार इस्ट्रोजेनसारखी वागते. रक्ताच्या गुठळ्यांचा धोकाही वाढतो. पण त्याच संस्थेने त्याच वेळी हेही नोंदवलं की दुसऱ्या स्तनात कॅन्सर होण्याचं प्रमाण या गोळीने कमी होतं. फॉरवर्ड करणाऱ्याने ती ओळ गिळली. २०११ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात वीस चाचण्यांचा एकत्र हिशेब आला: इस्ट्रोजेन रिसेप्टर असलेल्या कॅन्सरमध्ये पाच वर्षं गोळी घेतली, तर पहिल्या १५ वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. गाठीत तो रिसेप्टरच नसेल तर मात्र फायदा जवळजवळ नाही. म्हणून तर आधी गाठीची तपासणी करतात.

संततिनियमनाचं म्हणणं खरं आहे. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत १९६०च्या दशकात त्याच कामासाठी हे रसायन बनवलं होतं, आणि बायकांमध्ये ते उलटंच निघालं, बीजोत्पादन वाढवणारं. बरं मग?

जवसाबद्दल काय बोलायचं? जवसाची चटणी मीही खाते, भाकरीबरोबर छान लागते. जवस खाऊन ही गोळी सोडता येते, असं कुठल्याही चाचणीत दिसलेलं नाही.

सावध करायचंच होतं तर कामाच्या दोन गोष्टी होत्या. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला तर लगेच डॉक्टरांना दाखवायचं, लाजून बसायचं नाही. आणि पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळ्या, ज्यांतली पहिली कधी कधी अंगातून वाफा येतात म्हणूनही देतात, त्या यकृतातलं सीवायपी२डी६ हे एन्झाइम दाबतात. टॅमॉक्सिफेनची सगळ्यात जोरकस रूपं त्याच एन्झाइममुळे तयार होतात. तेव्हा अशी गोळी चालू असेल तर ती कॅन्सरच्या डॉक्टरांच्या कानावर घालायची, आपल्या मनाने दोन्हींतली एकही बंद करायची नाही.