हात वर झाले म्हणजे मतदान झालं?

संपाचा कौल घ्यायचा म्हटलं की मुंबईत अजूनही गेट मीटिंग लागते. सुटलेली पाळी, चढणारी पाळी, युनियनच्या साहेबांचं भाषण, शेवटी ‘संपाला तयार ना?’ आणि सगळे हात वर. गेटच्या आतून एचआरवाला मोबाइलवर शूटिंग करतोय, हेही सगळ्यांना दिसतं. ज्याच्या डोक्यावर घराचा हप्ता आहे तोही हात वर करतो, कारण शेजारचा बघतोय. चौथ्या दिवशी तोच मागच्या गेटने कामावर जातो आणि आपण त्याला गद्दार म्हणतो. अरे, त्याला एकट्याला बाजूला घेऊन कोणी विचारलं होतं का?

माझं स्पष्ट मत: गुप्त मतदान घ्या. महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार संघटना मान्यता कायद्याचं कलम 24 किती पदाधिकाऱ्यांनी वाचलंय, देव जाणे. मान्यताप्राप्त संघटनेने संपाच्या नोटिशीआधी सभासदांच्या बहुमताचा कौल घेतला नसेल, तर संप बेकायदेशीर. बहुमत सभासदांचं, हजर असलेल्यांचं नव्हे. सभासद 400, तर संपाच्या बाजूने 201 हवेत. ब्रिटनमध्ये 2016 च्या कायद्याने किमान 50 टक्के मतदानाची अट आणली, तेव्हा तिथल्या युनियनांनी केवढा आरडाओरडा केला. पण त्या अटीतही 400 पैकी 200 जणांनी मत दिलं आणि 101 संपाच्या बाजूने पडली, तरी बहुतेक ठिकाणी भागत होतं.

खरं काम यादीचं असतं, आणि तेच सगळ्यात कंटाळवाणं. आपल्या यादीत रिटायर झालेले असतात, सुपरवायझर झालेले असतात, वर्षभर वर्गणी न भरलेलेही. ती आधी साफ करा. मग खातं आणि पाळीनुसार दहा-पंधरा नावं एकेका कमिटी मेंबरकडे द्या. कॅन्टीनमध्ये, लोकलमध्ये, जमलं तर घरी जाऊन बोला. घरी वहिनींशीही बोला, कारण पगार थांबला की घर त्याच चालवणार आहेत. रात्रपाळीकडे कोणी फिरकत नाही, आणि तिथेच मतं गळतात. या फेरीतच कळतं आपण कुठे आहोत. आकडा काठावर असेल तर नोटीस देऊ नका, सरळ वाटाघाटीला बसा. याला माघार म्हणणारे बहुधा स्वतः पगारावर नसतात.

मतदानाची पद्धतही चोख हवी. ब्रिटनच्या रॉयल मेल या टपाल कंपनीत 2019 साली 97 टक्के मतं संपाच्या बाजूने पडली, तरी कोर्टाने संप अडवला. तिथल्या कायद्याने मतपत्रिका घरच्या पत्त्यावर जायची असते. युनियनने मात्र ती कामाच्या ठिकाणीच मिळवून तिथेच मत द्या, असा प्रचार केला होता. आपल्याकडे पेटी ठेवाल तर पाळी बदलताना दोन्ही वेळा ठेवा, मोजणीला दुसऱ्या युनियनचा माणूस बसवा आणि विरोधातली मतंही फळ्यावर लिहा.

जुने कॉम्रेड म्हणतील, ‘18 जानेवारी 1982 ला कुठे मतपेटी होती? अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडलेच ना!’ पडले. पण 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने ठरवलेली प्रातिनिधिक संघटना, म्हणजे सगळ्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क असलेली एकमेव युनियन, त्यांना नको होती, आणि तो कायदा रद्द करा ही त्यांची मोठी मागणी होती. आपल्याला कोणी विचारत नाही, हाच तर राग होता.

आता मशीनवर निम्मे कंत्राटी असतात. ते सभासद नाहीत, म्हणून यादीत नाहीत, आणि संपाच्या दिवशी मॅनेजमेंट त्यांच्याच जोरावर प्लांट चालवते. त्यांची वर्गणीची पावती फाडायला आपल्या किती कमिट्या तयार आहेत?