सोफ्यावर पडून सांगितलेल्या कादंबऱ्या

प्रेमकथा लिहिणाऱ्या इंग्रज लेखिका बार्बरा कार्टलंड दुपारी सोफ्यावर पडून कादंबरी तोंडी सांगायच्या आणि सेक्रेटरी ती उतरवून घ्यायची, एवढ्यावरून मी वाचलेल्या एका लेखात त्यांना ‘कारखाना’ म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. ७०० हून जास्त पुस्तकं नुसत्या वेगावर होत नाहीत. त्यांच्या बहुतेक प्रेमकथा जुन्या काळातल्या, आणि त्यासाठी त्या इतिहासाची पुस्तकं ढिगानं वाचायच्या. तो अभ्यास कुणी मोजतच नाही! शिवाय तोंडी सांगितल्यामुळेच असेल, परिच्छेद छोटे आणि संवाद भरभर पुढे जाणारे. मोठ्यानं वाचून बघा, जीभ कुठे अडखळत नाही. मी वाचलंय. २००० साली, ९८ व्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा १६० कादंबऱ्यांची हस्तलिखितं छापायची बाकी होती.