महालनोबिस अंतर राहिलंच की!

छत्रीचा (म्हणजे घुमटासारख्या शरीराचा) व्यास, मुखबाहूंची (तोंडाभोवतीच्या बाहूंची) लांबी मोजून मून जेलीफिशच्या प्रजाती वेगळ्या कशा काढतात, हे तुमच्या लेखात छान आलंय. पण नुसत्या व्यासावर भिस्त नको. उपाशी जेलीफिश चक्क आकसते, नमुने टिकवायच्या फॉर्मलिनमध्येही लहान होते. शिवाय छत्री वाढली की बाहूही लांबतात. मापांचं हे आपसातलं नातं धरून दोन गटांतला फरक मोजतं ते संख्याशास्त्रातलं महालनोबिस अंतर. त्याचा उल्लेखच नाही! आणि त्याची सुरुवात आमच्या नागपुरातली बरं का. १९२० च्या इथल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राणिशास्त्रज्ञ अ‍ॅनंडेल यांनी संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांना कोलकात्याच्या अँग्लो-इंडियन लोकांची शरीरमापं तपासायला सांगितली. त्यातूनच पुढे या अंतराचं १९३६ चं सूत्र आलं. सह्याद्रीतल्या गोड्या पाण्यातल्या जेलीफिशचं १९११ मध्ये वर्णन केलं तेही याच अ‍ॅनंडेलनी.