अनुदान द्या, पण जपून

तुमच्या फाउंडेशनने यंदा तळागाळातल्या हक्कांच्या कामाला पैसे द्यायचे ठरवले असेल, तर आधी अभिनंदन. मराठवाडा मागल्या वर्षी उरकला असेलच, तेव्हा विदर्भ ओघाने आला. गडचिरोलीत वनहक्काचे दावे लढवणारी, नाहीतर यवतमाळकडे अ‍ॅट्रॉसिटीच्या केसमधल्या कुटुंबांच्या पाठीशी उभी राहणारी पाच-सहा पोरापोरींची एखादी संस्था सहज सापडेल. तिला मदत करताना तिचे काम फार वाढणार नाही, एवढी काळजी घ्यायची. बाकी सोपे आहे.

पैसा सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचा असेल तर निम्मी काळजी कायद्यानेच घेतली आहे. २०१३च्या कंपनी कायद्यानुसार नफ्यातले २ टक्के कशावर खर्च करावेत, याची यादी सातव्या अनुसूचीत दिली आहे. तिच्यात शिक्षण आहे, आरोग्य आहे, पर्यावरण आहे. एफआयआर नोंदवून घेईपर्यंत ठाण्याच्या पायरीवर रात्री अकरापर्यंत बसून राहणे, हे काही तिच्यात सापडत नाही. तेव्हा शिलाई मशीन द्या. शिलाई मशीन कोणावर केस करत नाही, फोटोतही छान येते.

पैसा परदेशातून येणार असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवरचा कायदा आहेच. नोंदणी हवी तर संस्था तीन वर्षे जुनी हवी आणि त्या तीन वर्षांत तिने १५ लाख रुपये आपल्या कामावर खर्च केलेले हवेत. म्हणजे पोहता येत असल्याचा दाखला आणा, मग विहिरीत उतरा. पूर्वी नागपूर-मुंबईची एखादी मोठी संस्था असा पैसा घेऊन तालुक्यातल्या लहान संस्थांना वाटायची. २०२०च्या दुरुस्तीने तेही बंद झाले. त्यामुळे आता तुम्हाला नाइलाजाने मोठ्या संस्थेलाच पैसे द्यावे लागतील आणि अहवालात ‘ग्रासरूट’ असे लिहावे लागेल. एवढे चालते.

त्याच दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. ऑफिसचे भाडे, वीजबिल, हिशेब ठेवण्याचा खर्च, वकिलाची फी, सगळे त्या २० टक्क्यांत. अहवाल लिहून सादर करण्याचा खर्चसुद्धा! तेव्हा अहवाल मासिक मागवा. शिवाय तिमाही वेगळा, तोही इंग्रजीत आणि तुमच्याच एक्सेल शीटमध्ये. ग्रामसभेची बैठक गोंडीत, इतिवृत्त मराठीत आणि अहवाल इंग्रजीत, एवढा प्रवास झाल्यावर त्यात तुम्हाला न आवडण्यासारखे काही उरत नाही.

व्हाउचरच्या बाबतीत मात्र मुळीच ढिले पडू नका. साक्षीदाराला जिल्हा न्यायालयात न्यायचे म्हणजे पहाटे निघावे लागते. एसटी फाट्यावर थांबली नाही तर काळी-पिवळी. कार्यकर्ता ड्रायव्हरला पावती मागतो. ड्रायव्हर म्हणतो, ‘पावती काहाची देऊ भाऊ? गाडीलेच परमिट नाई.’ कोर्टाबाहेर चहा-पोहे होतात, तिथेही पक्के बिल नाही. दुपारी तीनला पुढची तारीख मिळते. ज्यांच्याविरुद्ध साक्ष द्यायची, त्यांचीच माणसे परतीच्या गाडीत मागच्या सीटवर. हा सगळा खर्च ‘अमान्य’ करा. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा म्हणतो तपास ६० दिवसांत, खटलाही आरोपपत्रापासून शक्यतो दोन महिन्यांत. मग इतक्या तारखा कशाला, असा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. तो संस्थेलाच विचारा.

आणि लॉगफ्रेममध्ये, म्हणजे प्रकल्पाची उद्दिष्टे मोजायच्या तक्त्यात ‘फितूर न झालेले साक्षीदार’ असा रकाना चुकूनही ठेवू नका. न घडलेली गोष्ट मोजायची कशी? ‘जनजागृती मेळावे’ मोजा. मेळाव्याला हजेरीपत्रक असते, बॅनर असतो, बॅनरवर तुमचा लोगो असतो.

मुदत बारा महिन्यांची ठेवा. आता वनहक्क कायदा २००६चा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाचे लोक त्याआधी कितीतरी वर्षे ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणत एकत्र बसत होते, तरी जंगलावरचा सामूहिक हक्क त्यांच्या हाती पडला २००९ला आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेकडे आले २०११ला. पण ते त्यांचे झाले. तुमचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते. वनहक्काचा दावा तो तपासणाऱ्या उपविभागीय समितीकडे पडून आहे, असे कोणी म्हणाले तर ‘लर्निंग्ज’च्या रकान्यात टाकायला सांगा. अमेरिकेतल्या फोर्ड फाउंडेशनने २०१६पासून काही संस्थांना पाच-पाच वर्षांचा, बराचसा मोकळा निधी दिला. तिथल्याच अब्जाधीश देणगीदार मॅकेन्झी स्कॉट बाई तर पैसे देऊन अटीही घालत नाहीत. अशा उदाहरणांवर परिषदेत अवश्य बोलावे. घरी आणू नयेत.

फिल्ड व्हिजिट मेमध्ये ठरवा, तेंदूपत्त्याच्या ऐन हंगामात. गाव पहाटेच जंगलात गेलेले असते, दुपारी घरोघरी ओसरीवर पानांचे पुडे बांधणे चालते आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पाने गोळा करायच्या केंद्रावर मोजणीला रांग लागते. वर्षाची बरीचशी नगद कमाई त्या दोन-तीन आठवड्यांत. तुम्ही अकरा वाजता समाजमंदिरात महिलांचा गट मागा. तुमच्यासाठी पाने टाकून ज्या येतील, त्यांना विचारा की या प्रकल्पामुळे तुमचा आत्मविश्वास किती वाढला, एक ते पाचमध्ये सांगा. एखादी म्हातारी म्हणेल, ‘लवकर इचार ना बाई, पानं सुकून राह्यले.’ तिला पाच गुण लावा.

शेवटच्या तिमाहीत ‘शाश्वतते’चा विषय काढायला विसरू नका. आम्ही गेल्यावर कोर्टाच्या खेपांचा खर्च कसा भागवाल? हा प्रश्न गंभीर चेहऱ्याने विचारा आणि उत्तरही तुम्हीच सुचवा: मोहफुलाचे लाडू. बचत गटाने ते करावेत, पॅकिंग तुमचा सल्लागार शिकवेल, सल्लागाराची फी अर्थातच अनुदानातून. दावा फेटाळला गेला तर अपिलाची मुदत ६० दिवसांची असते. तेवढ्या दिवसांत किती लाडू खपवावे लागतील, याचे गणित संस्थेचे संस्थेला करू द्या. सगळे आपणच सांगितले तर त्यांची क्षमताबांधणी व्हायची कशी?

निरोपाच्या कार्यक्रमाला जा. शाल-श्रीफळ घ्या. त्याचे बिल मात्र प्रशासकीय खर्चात बसत नाही म्हणून परत पाठवा.