तळ्यातली गोगलगाय आणि मोरचुदाचा मेसेज

रावेर-यावलपासून शिरपूरपर्यंत शेतकऱ्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "तळ्यात, पाटात गोगलगायी श्वास घ्यायला वर येत असतील तर पाणी विषारी झालंय. चिरडल्या की लाल रक्त निघतं, कारण त्या जनावरांचं रक्त पितात. याच मोठ्या होऊन केळी, कापूस फस्त करतील. लगेच मोरचूद टाका." भाऊ, पुढे पाठवण्याआधी हे वाचा.

आपल्याकडे सर्रास दिसणारी चपटी, चकतीसारखी गुंडाळलेली गोगलगाय म्हणजे इंडोप्लॅनॉर्बिस. ती फुप्फुसाने श्वास घेते. काठावर बसून बघा: वर येते, अंगाच्या बाजूचं भोक उघडते, हवा भरते आणि परत शेवाळाकडे जाते. चांगल्या पाण्यातही ती हेच करते.

लाल रंग तिच्या स्वतःच्या हिमोग्लोबिनचा. त्यामुळेच कमी प्राणवायूच्या डबक्यातही ती तगते. खाते शेवाळ आणि कुजका पाला.

पिकं खाणारी शंखी गोगलगाय वेगळीच, मूळची आफ्रिकेतली, जमिनीवरची. ती अंडी मातीत घालते. तळ्यातली ही पाण्यातल्या पानांना अंड्यांचे चिकट पुंजके लावते. एकीची दुसरी होत नाही.

रोगाची गोष्ट मात्र खरी आहे, आणि मेसेजमध्ये नेमकी तीच नाही. बाधित जनावराच्या शेणातून किंवा शेंबडातून कृमीची अंडी पाण्यात पडतात, त्यातली अळी या गोगलगायीत शिरून वाढते आणि बाहेर पडून पाण्यात उभ्या गुरांच्या कातडीतून आत जाते. नाकात गाठी होऊन जनावर घोरायला लागतं, ते यातल्याच एका कृमीमुळे. यकृतातल्या चपट्या कृमीची तऱ्हा निराळी: ती लिम्निया या टोकदार शंखाच्या गोगलगायीतून येते आणि काठच्या ओल्या गवतावरून पोटात जाते. माणसाला त्या पाण्यात उतरल्यावर अंगाला खाज सुटू शकते.

आता मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार. त्याने गोगलगायी मरतात हे खरं, पण मासेही मरतात. तांबं कुठे जात नाही, गाळात बसतं, आणि तोच गाळ उन्हाळ्यात आपण शेतात पसरतो. शिवाय ही गोगलगाय सुकत्या चिखलात दबून तग धरते. थोड्या जरी वाचल्या तरी पाऊस पडला की पुन्हा भराभर वाढतात.

त्यापेक्षा गुरं तळ्यात उतरू देऊ नका, पाणी हाळावर पाजा, काठचं ओलं गवत कापून थेट गव्हाणीत टाकू नका. सतत हगवण लागलेल्या जनावराचं शेण आणि घोरणाऱ्याचा शेंबूड पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या, नाकाच्या गाठी डॉक्टरांना दाखवा. कृमीचं औषध त्यांच्या सांगण्यावरूनच द्या.