‘१८२०चं सांगून १८१२चं दिलं’ या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार. एक तारा देताना आपण लिहिलंत की स्पेनच्या १८२०च्या उठावाचं पदक मागवलं तर त्यावर १८१२ साल निघालं, लिंबाने धुताच ते गुलाबी पडलं म्हणजे मुलामा होता, आणि कडेला जोड दिसतो म्हणजे ओतीव नक्कल.

साल बरोबर आहे. १ जानेवारी १८२० रोजी लास काबेसास दे सान हुआन इथे राफाएल देल रिएगो या लष्करी अधिकाऱ्याने अमेरिकेला धाडायच्या फौजेपुढे नवी राज्यघटना मांडली नव्हती. कादिस शहरात झालेली १८१२चीच राज्यघटना त्याने पुकारली, जी राजा सातव्या फर्नांदोने १८१४ साली रद्द केली होती. मार्चमध्ये राजाला तिचीच शपथ घ्यावी लागली.

गुलाबी रंग तांब्याचा आहे. मुलामा असता तर खालून राखाडी कथील-मिश्रधातू दिसला असता. लिंबाने गेला तो वरचा तपकिरी थर. तो परत आणता येत नाही, आणि पदकाची अर्धी किंमत त्यातच असते. पावतीमागे ‘आम्ल, चिंच, टूथपेस्ट नको’ असं छापलेलं आहे.

शंका असेल तर घरीच तपासा. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. पदक बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. टेकलं की आकडा भलताच चढतो. बुडबुडे बोटाने काढा. आमच्याकडे वजन ३१.४० ग्रॅम आणि काट्यावर ३.५५ आलं होतं. वजनाला काट्यावरच्या आकड्याने भागलं की घनता मिळते: सुमारे ८.८५. शुद्ध तांब्याची ८.९६, कथील-मिश्रधातूची ७.३च्या आसपास. यातून धातू कळतो, वय नाही. त्यासाठी अक्षरं भिंगाखाली बघा: ठशाने उठवलेल्या अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असतात, ओतीव नकलेत त्या गोलसर आणि पृष्ठभाग खडबडीत.

साच्याचा जोड पूर्ण कडेभर फिरतो. आपल्या फोटोतली खूण फक्त वरच्या टोकाला आहे, ती काढून टाकलेल्या कडीच्या डाखाची. ती वर्णनात लिहायची राहिली, ही चूक आमची. त्यामुळे लिंबाने धुतलेलं असूनही पदक परत घेऊ आणि टपालखर्चही देऊ.

ठेवणार असाल तर आधी तीन-चारदा ताज्या डिस्टिल्ड पाण्यात बुडवून आम्ल काढा, पूर्ण वाळवा, मग मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटाऐवजी कागदी पाकिटात सिलिका जेलसोबत ठेवा. हिरवी भुकटी सुटायला लागली तर पुसत बसू नका, इतर नाण्यांपासून वेगळं काढून आमच्याकडे पाठवा.