टाइप-सी पोर्ट आहे म्हणून मॉनिटरची माळ लागत नाही

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: लॅपटॉपला टाइप-सी पोर्ट असला की एक केबल पहिल्या मॉनिटरला लावा, त्यातून दुसऱ्याला, दुसऱ्यातून तिसऱ्याला, कितीही मॉनिटर चालतात. डॉक (एका केबलवर अनेक पोर्ट देणारा डबा) घेणं म्हणजे पैसे वाया. चित्र आलं नाही तर केबल हलकी आहे, महागातली आणा.

हे वाचून माझ्या धाकट्या मावसभावाने दोन मॉनिटर घेतले आणि रविवारी दुपारी मला फोन केला. "ताई, दुसऱ्यावर नो सिग्नलच येतंय." मी गेले, मॉनिटर पलंगावर पालथा घातला आणि मोबाइलच्या उजेडात मागचे पोर्ट पाहिले. दोन एचडीएमआय, बस्स. त्याने पहिल्याच्या दुसऱ्या एचडीएमआयमधून पुढच्या मॉनिटरला केबल नेली होती. पण ते दोन्ही पोर्ट सिग्नल आत घेण्यासाठी असतात, बाहेर काही जात नाही. एचडीएमआयमध्ये माळेची सोयच नाही. ती डिस्प्लेपोर्ट (डीपी) या चित्र नेणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या जोडणीत आहे, २०१० च्या १.२ आवृत्तीपासून, एमएसटी नावाने; त्यात एकाच केबलमधून प्रत्येक मॉनिटरचं वेगळं चित्र जातं. त्यासाठी शेवटचा सोडून प्रत्येक मॉनिटरला 'डीपी आउट' पोर्ट लागतो, आणि बऱ्याचदा मॉनिटरच्या मेनूत जाऊन एमएसटी चालू करावं लागतं. स्वस्तातल्या बहुतेक मॉनिटरना तो पोर्ट नसतो.

आता 'टाइप-सी असला की झालं' याबद्दल. टाइप-सी हा फक्त पोर्टचा आकार आहे. त्यातून चित्र पाठवायचं की नाही हे कंपनी ठरवते. पोर्टशेजारी डीपीची खूण किंवा थंडरबोल्टचं (टाइप-सी आकाराच्याच वेगवान जोडणीचं) विजेच्या बाणाचं चिन्ह दिसलं तर चित्र येणार. काहीच नसेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या माहितीपत्रकात 'डिस्प्लेपोर्ट' शब्द शोधा. नुसत्या चार्जिंग-डेटाच्या पोर्टातून कुठलीही केबल चित्र काढू शकत नाही.

'कितीही' हा शब्द मला सर्वात खटकतो, कारण माळेतले सगळे मॉनिटर एकाच नळाचं पाणी वाटून घेतात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या चारही लेन, म्हणजे चित्र नेणाऱ्या वाटा, मिळाल्या तर प्रत्यक्ष वापराला सेकंदाला सुमारे १७ गिगाबिट मिळतात. ६० हर्ट्झचा (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा) १०८०पी, म्हणजे फुल एचडी, मॉनिटर त्यातले तीन-साडेतीन खातो, त्याहून बारीक चित्राचा १४४०पी सहाच्या आसपास, ४के जवळजवळ तेरा. म्हणजे चार १०८०पी, किंवा दोन १४४०पी, किंवा एकच ४के. शिवाय बरेच टाइप-सी हब अर्ध्या लेन यूएसबीला देतात. मग ४के मॉनिटर ३० हर्ट्झवर येतो आणि माउसचा बाण अडखळत सरकतो. लोक मॉनिटरला दोष देतात आणि परत करायला निघतात.

मॅकवाल्यांना तर हा मेसेज थेट नुकसान करतो. मॅकओएसमध्ये एमएसटीची माळ लावली की पुढच्या मॉनिटरवर पहिल्याचंच चित्र दिसतं. एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुक एअरला बाहेरचा मॉनिटर एकच चालतो, पोर्ट दोन असले तरी. थंडरबोल्टच्या साखळीत सहा उपकरणं जोडता येतात हे खरं, पण त्यात हार्ड डिस्क, डॉक सगळं आलं. मॉनिटर किती ते लॅपटॉपची ग्राफिक्स चिपच ठरवते.

डॉकबद्दल मेसेज निम्मा बरोबर आहे. एका मॉनिटरसाठी डॉक नकोच. पण त्या एअरवर बाहेरचे दोन वेगळे पडदे हवे असतील तर डिस्प्लेलिंकसारखा डॉक आणि त्याचं ड्रायव्हर (तो चालवणारं सॉफ्टवेअर) हाच मार्ग उरतो. तो चित्र दाबून यूएसबीतून पाठवतो. ऑफिसच्या कामाला चालतो, गेमला नाही.

आणि केबल? तिथे किंमत नाही, जात बघायची. फोनसोबत येणाऱ्या टाइप-सी केबलमध्ये बहुधा चार्जिंग आणि यूएसबी २.० इतक्याच तारा असतात. चित्राच्या वेगवान तारा आत नसतातच, म्हणून ती कितीही जाड आणि महाग असली तरी पडदा काळाच राहतो.

भावाच्या लॅपटॉपला सुदैवाने एक एचडीएमआय होता आणि टाइप-सीशेजारी डीपीची बारीक खूण होती. एक मॉनिटर थेट एचडीएमआयला लावला, दुसऱ्याला टाइप-सी ते एचडीएमआय केबल आणली. माळ नाही, डॉक नाही. संध्याकाळी दोन्ही पडदे १०८०पी, ६० हर्ट्झवर चालू होते.